धोंडीराम गात मेला नाही

पाटोद्याच्या बाजारात केशरबाई दोर मांडून बसली होती. एक अनोळखी बाई समोर येऊन उभी राहिली. दोरांकडे न बघता तिच्या तोंडाकडेच बघत राहिली आणि एकदम वाकून तिच्या पायांना हात लावू लागली. केशरबाईनं पाय आखडून घेतले. मांगवाड्यातल्या बाईच्या पायांना भर बाजारात कुणी हात लावावा, असं तिच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं.

"कावून पाया पडायलीस बाई? कासरा घ्यायचा तर घे. पाया पडून भाव उतरायचा न्हाई."

"तुमीच ना चिंचखोरीच्या केशरबाई?" बाईचे डोळे डबडबले होते. "मी सावित्रीबाई. आमीबी किरिस्तावच हाव, डोंगराच्या पल्याड. आमच्या मंडळीत तुमचं वाचून दाखवलं. मालक गाणं म्हणत म्हणत गेले, आन तुमी डोळ्यातून टिपूस काढला न्हाई. लई मोठं काळीज बाई तुमचं."

केशरबाईच्या हातातला कासरा मांडीवर पडला.

"कुनाचा मालक गाणं म्हणत गेला?"

"तुमचा की. धोंडीराम."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? छापून आलंय."

केशरबाई हसली. ते हसू बघून सावित्रीबाई दोन पावलं मागं सरकली. धोंडीरामाला गाता येत नव्हतं. उपासनेत सगळे गीत म्हणायचे तेव्हा तो नुसते ओठ हलवायचा, कारण एकदा त्यानं खरोखर आवाज काढला होता आणि पुढच्या बाकावरची पोरं हसून हसून लोळली होती. तेव्हापासून त्यानं देवाला गाणं माफ केलं होतं. तो माणूस गात मेला म्हणे!

तिनं उरलेले दोर गुंडाळले, डोक्यावर घेतले आणि बाजार अर्धा सोडून चिंचखोरीची वाट धरली. तीन कोस ती चालत होती आणि दर पावलाला तिचा राग वाढत होता.

केशरबाई ही काही रागीट बाई नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिची कहाणी फार लांबलचक नाही. मोठ्या दुष्काळात, वीस वर्षांची असताना, ती आईबापांबरोबर मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात खडी फोडायला गेली. आईबाप तिथंच गेले. मिशनच्या लोकांनी तिला कांजी पाजली आणि जगवली. शेजारच्या ढिगाऱ्यावर खडी फोडणारा धोंडीरामही त्याच कांजीवर जगला. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला, पुढच्या महिन्यात लग्न केलं, आणि पाऊसपाणी झाल्यावर निजामाच्या राज्यात, बालाघाटाच्या कुशीतल्या चिंचखोरीला परत येऊन आपला पिढीजात धंदा धरला. एक लेक झाली, ती घाटनांदूरला दिली.

दोराचा धंदा वासाचा आणि खाजेचा. केकताडाची लांब काटेरी पानं ओढ्याच्या डोहात पंधरा दिवस कुजत घालायची. मग ती घाण वासाची पानं दगडावर ठेवून मोगरीनं बडवायची, धुवायची, पुन्हा बडवायची, तेव्हा कुठं आतला पांढरा वाख सुटतो. हात कोपरापर्यंत खाजतात. वाखाचे तीन पेड करायचे आणि दोघांनी मिळून दोर वळायचा. एकानं टोकाला पीळ देत राहायचं, दुसऱ्यानं तिन्ही पेड बोटांत धरून पाऊल पाऊल मागं यायचं. दोघांची ओढ सारखी नसेल तर दोराला आढी, म्हणजे वेडा पीळ, पडते, आणि आढी पडलेला नाडा मोटेच्या ओझ्यानं तिथंच तुटतो. केशरबाई आणि धोंडीरामाच्या नाड्याला अठरा वर्षांत आढी पडली नव्हती. आसपासच्या पाच गावांचे कुणबी मोटेसाठी त्यांच्याकडूनच नाडा नेत.

आणि मागच्या दसऱ्याला मानमोडी आली.

त्या तापानं घरंच्या घरं आडवी केली. धोंडीराम तिसऱ्या दिवशी गेला. ते तीन दिवस केशरबाई घरात एकटी होती. त्रिंबक मास्तर हा गावच्या मिशनशाळेचा मास्तर आणि ख्रिस्ती मंडळीचा प्रचारक. धोंडीराम आजारी आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो आला नाही. मांगवाड्यातलं दुसरं कुणी आलं नाही, कारण दुसरं कुणी उठून उभं राहायच्या ताकदीचं नव्हतं. मेंढरं घेऊन चाललेला गहिनीनाथ धनगर तेवढा तिची हाक ऐकून वळला. ना जातीचा ना धर्माचा, पण त्यानं खड्डा खणला, बाजेला दुसऱ्या बाजूनं खांदा दिला, आणि तिनंच वळलेल्या दोरानं तिच्या नवऱ्याला खाली सोडला. मग तोंड न धुता मेंढरांमागं निघून गेला.

केशरबाई त्या खड्ड्याशी ओरडून ओरडून रडली होती. कपाळ मातीवर आपटलं होतं. तिनं देवाला जे शब्द वापरले, ते तिनं नंतर कुणाला सांगितले नाहीत. पण वापरले होते, हे तिला पक्कं आठवत होतं.

दिवस कलायच्या सुमाराला ती शाळेपाशी पोचली. त्रिंबक मास्तर ओट्यावर बसून बोरू तासत होता. तिशीचा माणूस, डोक्याला मिशननं दिलेली काळी टोपी, अंगात धुतलेला सदरा. डोक्यावरचं ओझं न उतरवताच केशरबाई म्हणाली, "मास्तर, आमच्या मालकाचं काय छापलंय ते वाचा."

मास्तर हसला. "तुमच्या कानावर गेलं का? मी रविवारी मंडळीत वाचणारच होतो. नाव झालं हो केशरबाई तुमचं, पार इंग्रजी हद्दीपर्यंत."

"वाचा."

त्यानं आतून मिशनचं महिन्याचं पत्रक आणलं आणि सावकाश, शब्द तोलत वाचलं: "आमचे बंधू धोंडीराम यांनी मरणसमयी तिळमात्र भय दाखविले नाही. त्यांच्या मुखावर हास्य होते. प्रभूचे गीत गात त्यांनी डोळे मिटले. त्यांची पत्नी केशरबाई हिने एक टिपूसही न गाळता उपस्थितांस धीर दिला. हे पाहून गावातील हिंदू लोक थक्क झाले."

केशरबाईनं दोरांचा भारा ओट्यावर आदळला.

"उपस्थित कोन व्हतं?"

"म्हणजे?"

"म्हंजे तिथं कोन व्हतं? मी व्हते आन एक कुत्रं व्हतं. धीर कुनाला दिला मी, कुत्र्याला?"

"तसं लिहावं लागतं, केशरबाई."

"तुमी व्हता का तिथं?"

मास्तर बोरूकडे बघू लागला. "मला ताप होता."

"गावातले हिंदू थक्क झाले म्हणं! गहिनीनाथ धनगरानं मढ्याला हात लावला आन तुमी न्हाई लावला, हे बघून झाले असतील थक्क."

"हळू बोला."

"कावून हळू बोलू? छापताना हळू छापलं व्हतं का?"

मास्तरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसा समजवू लागला. तो म्हणाला, गावातले लोक आपल्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी मेलं की आपले लोक पूर्वीसारखे गळ्यात गळे घालून रडले तर हसतात, म्हणतात तुमचा देव मेलेले उठवतो ना, मग बोंबलता कशाला? म्हणून आपण ठरवलं की ख्रिस्ती घरात रडारड करायची नाही. ख्रिस्ती माणसाला भय नाही. हे लोकांना दिसलं पाहिजे. "आणि मी वाईट काय लिहिलंय? तुमच्या नवऱ्याचं चांगलंच लिहिलंय ना?"

"चांगलं असंल. पर त्यो माझा नवरा न्हाई," केशरबाई म्हणाली. "त्यो कोन गाणं म्हणणारा माणूस हाय, मला म्हाईत न्हाई. माझा परत द्या. खोडा ते."

"छापलेलं खोडता येत नाही."

"मग जोडा. खाली लिवा, हे खोटं हाय म्हणून."

"मिशनचं पत्रक आहे ते, गावची चावडी नाही," मास्तरचा आवाज चढला. "माझी नोकरी जाईल. आणि तुमचं तरी काय राहील? आज पाच गावांतल्या बाया तुमचं नाव घेतात."

रविवारी त्यानं ते मंडळीत वाचलंच. बायकांच्या बाजूनं सगळ्या माना केशरबाईकडे वळल्या. ती उठून बाहेर गेली. बायांना वाटलं, किती लाजाळू बाई!

माणसाचं जिवंतपणी कुणी काही नेलं तर तो भांडू शकतो. मेल्यावर त्याचं भिणं कुणी चोरून नेलं तर दाद कुणाकडे मागायची? तहसीलदाराकडे? घोड्यावरून येणाऱ्या जमादाराकडे? केशरबाई दोर वळायला बसली की हा विचार तिच्या डोक्यात पीळ घालत राही. दुसरं टोक धरायला आता माणूस नव्हता. ती ते लिंबाच्या बुडाला बांधायची, आणि लिंब काही मागं मागं येत नसे. नाड्याला आढ्या पडत. त्या उसवताना ती मास्तराला शिव्या देई. मग रडू येई. रडू आलं की चुलीत ओला पाला घाली, म्हणजे कुणी आलंच तर धुराचं निमित्त असे. मांगवाड्यातल्या सगळ्याच ख्रिस्ती बायकांनी ही युक्ती शोधलेली होती. कुणाच्या घरातून भलत्या वेळी धूर निघाला की शेजारीण समजून जाई, आणि काही बोलत नसे.

शिमग्याच्या आधी छबुबाईची तीन वर्षांची लेक गोवराच्या तापानं गेली.

छबुबाई केशरबाईच्या दोन घरं पलीकडं राहायची. बावीस-तेवीस वर्षांची, बोलकी, जराशी भांडखोर. पोरीला पुरून आल्यावर ती हंबरडा फोडणार तोच भोवतीच्या बायांनी तिला धरलं. बायडाबाई नावाची म्हातारी मंडळीतली सगळ्यात जुनी. ती तिच्या कानाशी म्हणाली, "रडू नगं गं. ती केशर बघ. नवरा गेला तरी टिपूस न्हाई काढला. पोरगी प्रभूच्या मांडीवर हाय. तू रडलीस तर तुझा इस्वास खोटा ठरंल."

छबुबाईनं तोंड मिटलं. ते मिटलंच. आठ दिवस झाले, पंधरा झाले. ती भाकरी पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच उठायची. कामाला जायची, आडावर जायची, विचारलं तर "बरं हाय" म्हणायची. तिच्या घरातून धूरही निघत नव्हता.

केशरबाईला हे बायडाबाईकडूनच कळलं. बायडाबाईनं ते कौतुकानं सांगितलं होतं. ती तशीच उठून छबुबाईच्या घरी गेली. छबुबाई जोंधळे निवडत होती. निवडलेले आणि न निवडलेले एकाच सुपात टाकत होती.

"छबे, माझं ऐक. ते मास्तरानं छापलेलं सगळं खोटं हाय. मी रडले. लई रडले. कपाळ फोडून घेतलं. धोंडीराम गाणं न्हाई म्हणला."

छबुबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत कुठं ओल नव्हती.

"मला बरं वाटावं म्हणून बोलायलाव तुमी, काकी."

"देवाशप्पथ खरं सांगते."

"छापलंय की," छबुबाई म्हणाली. "तुमचं काळीज मोठं, म्हणून तुमी आता असं म्हणताव. माझं न्हाई तेवढं मोठं. पर मी करीन. जमंल मला."

केशरबाई स्वतः तिथं होती, तिनं धोंडीरामाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पण तिला अक्षर वाचता येत नव्हतं आणि कागद बोलत होता. या वाडीत अक्षर येऊन पुरती वीस वर्षं झाली नव्हती. अक्षर म्हणजे शास्त्र, अक्षर म्हणजे देवाचा शब्द, एवढंच लोकांना ठाऊक. अक्षरालाही खोटं बोलता येतं, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणाराच खोटं लिहीत होता.

त्या दिवसापासून केशरबाईचा राग बदलला. आतापर्यंत तो तिचा एकटीचा होता. आता त्याला एक काम मिळालं.

चैत्रात पुनरुत्थानाचा सण आला. वर्षातून दोन-तीनदाच हद्दीपलीकडून पाळक सुंदरराव तट्टावर बसून चिंचखोरीला येत आणि प्रभुभोजन देत. रविवारी त्या भोजनाची भाकर घ्यायची, पण शनिवारी दुपारी तयारीची सभा भरायची. त्या सभेची एक रीत होती. पाळक एकेका सभासदाचं नाव घेऊन विचारत, "कुणाविषयी मनात काही आहे का?" आणि सभासदानं उभं राहून म्हणायचं, "काही नाही." ज्याच्या मनात काही आहे त्यानं ते मिटवल्याशिवाय भाकर घ्यायची नाही, असा नियम. त्यामुळं मंडळी उभी राहिल्यापासून बारा वर्षांत कुणाच्याच मनात कधी काही नव्हतं. बांधावरून डोकी फोडून आलेले भाऊसुद्धा डोक्याला फडकं बांधून उभे राहत आणि "काही नाही" म्हणत.

शनिवारी शाळेची खोली भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मास्तर पाळकांच्या शेजारी उभा राहून नावं वाचत होता. सुंदरराव साठीचे, जाड चष्म्याचे, प्रवासानं दमलेले. ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आतच मान हलवायचे.

"छबुबाई?"

"काही न्हाई," छबुबाई म्हणाली. तिचा आवाज फुटक्या मडक्यासारखा होता. पाळकांनी मान हलवली.

"केशरबाई?"

"हाय," केशरबाई म्हणाली.

पाळकांची मान हलायला लागली होती, ती मध्येच थांबली. खोलीत चुळबुळ झाली. पुरुषांमध्ये सटवा बसला होता, तो शेजाऱ्याला म्हणाला, "आता बघ बे."

"काय आहे?" पाळकांनी विचारलं.

"राग हाय."

"कुणाचा?"

"तुमच्या शेजारी उभा हाय त्याचा."

मास्तर पुढं सरसावला. "पाळकसाहेब, बाई दुःखात आहे. मी नंतर सांगतो तुम्हाला."

"तुमी नगा सांगू," केशरबाई कडाडली. "तुमी एकदा सांगितलंय. पाळकसाहेब, ह्यांना ते पत्रक वाचायला लावा. धोंडीरामाचं. एक ओळ वाचायची, मग मी बोलणार."

सुंदररावांनी मास्तराकडं पाहिलं. मास्तर पत्रक उचलायला पुढं होईना. त्यांनी खिडकीतलं पत्रक स्वतः उचललं, चष्मा पुसला आणि वाचलं: "मरणसमयी तिळमात्र भय दाखविले नाही."

"खोटं. त्यो लई भ्याला व्हता. दातावर दात आपटत व्हते त्याचे."

"मुखावर हास्य होते."

"तोंडातून रगत येत व्हतं."

"प्रभूचे गीत गात त्यांनी डोळे मिटले."

पुरुषांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. धोंडीरामाचं गाणं ऐकलेली माणसं होती ती. केशरबाई हसली नाही.

"पाळकसाहेब, त्यो काय म्हणला ते सांगते. आजवर कुनाला सांगितलं न्हाई. सगळ्यांच्या पुढं सांगायची गोष्ट न्हाई ती, पर आता ह्या माणसानं सांगायची येळ आणली. त्यो म्हणला, 'अगं, मला भ्या वाटायलंय. देव दिसंना झालाय मला. तू धर.' अठरा वर्षांत त्यो मला 'धर' म्हणला तो दोराचं टोक धर म्हणून. ह्या बारीला म्हणला ते 'मला धर' म्हणून. मी धरला. लेकरावानी धरला. त्यो मेला तवा माझ्या छातीवर त्याचं तोंड व्हतं, गाणं नव्हतं. तेवढं एकच माझं व्हतं, मास्तर. तेवढंच. आन ते नेऊन तुमी तिथं हास्य छापलं!"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आन मी रडले. देवाला शिव्या दिल्या. सांगू का कोनत्या?"

"नको," पाळक घाईनं म्हणाले.

"का? त्यानं ऐकल्यात. तुमालाच तेवढा त्रास का?" तिनं मास्तराकडं तोंड वळवलं. आजवर तिनं त्याला 'तुमी' सोडून हाक मारली नव्हती. "तू कुठं व्हतास रं? ताप व्हता म्हणलास. खरं बोल. उद्या भाकर हातात घ्यायचीय तुला."

त्रिंबक मास्तरनं डोक्यावरची टोपी काढली. मग त्याचा आवाज आला तो शिकवायचा आवाज नव्हता, गावाकडचा होता.

"मी आलतो. तिसऱ्या दिवशी. तोंडाला फडकं बांधून दारापर्यंत आलो. आतून त्याचं कण्हणं ऐकलं. माझा बाप तसाच कण्हत गेलता. पाय उचलंना. तसाच मागं फिरलो. घरी जाऊन दाराला आतून कडी लावली. चार दिवस उघडली न्हाई." त्यानं हातातल्या टोपीचा चोळामोळा केला. "मग वरून पत्र आलं, मंडळीची हकीकत लिहून पाठवा. मी काय लिवणार व्हतो? मी भ्यालो म्हणून?"

"व्हय!" केशरबाई ओरडली. "तेच लिवायचं! मी भ्यालो. धोंडीराम भ्याला. केशर रडली. त्यात काय काळं व्हतं? तू भ्यालास त्याचा मला राग न्हाई. मीबी भ्याले व्हते, पर मला कडी लावता आली न्हाई एवढंच. तू तुझं भ्या झाकायला माझ्या मेलेल्या माणसावर पांघरूण घातलंस, त्याचा राग हाय. आन ते पांघरूण आता ह्या पोरीच्या तोंडावर घातलंय तुमी समद्यांनी. बघा तिच्याकडं!"

सगळ्यांनी छबुबाईकडं पाहिलं. ती ताठ बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बायडाबाई पदराआडून पुटपुटली, "पर इस्वास..."

सुंदररावांनी पत्रकाची घडी घातली. प्रवचन देतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते नुसते बाकावर बसले. "बायडाबाई," ते म्हणाले, "प्रभू आपल्या दोस्ताच्या थडग्यापाशी रडला. त्याला तर ठाऊक होतं की तो दोस्ताला घटकाभरात उठवणार आहे. तरी रडला. हे मी तीस वर्षं शिकवतोय. आणि दर वेळी लोकांच्या घरी जाऊन रडू नका म्हणूनही सांगतोय." ते मास्तराकडं वळले. "मास्तर, दौत आणा. बाई सांगेल ते लिहा. छापतील की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा नाही छापणार. पण इथं, हे आधीचं जिथं वाचलं तिथं, उद्या वाचलं जाईल. तुम्हीच वाचायचं."

मास्तरनं दौत आणली. पहिल्याच ओळीवर त्याच्या हातून शाई सांडली.

"आता मनात काही आहे का, केशरबाई?" पाळकांनी विचारलं. रीत ती रीत.

"हाय की. एवढ्यात राग कसा जाईल?"

पाळकांनी मास्तराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मग तो घेऊनच या उद्या. भाकर मिळेल."

"नियम हाय ना?" सटवा मागून म्हणाला.

"नियम मीच केला होता," सुंदरराव म्हणाले. "सगळे 'काही नाही' म्हणत होते, ते मला बरं वाटायचं."

तेवढ्यात छबुबाईनं विचारलं. फार हळू, पण खोली इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"काकी, त्यो खरंच भ्याला व्हता?"

"लई, पोरी."

"माझी सोनीबी भ्याली व्हती. मला सोडंना. बोटं सोडवावी लागली तिची. मी कुनालाच सांगितलं न्हाई. म्हणलं, भ्याली म्हणलं तर लोक म्हणतील, हिच्या पोरीला प्रभू..."

तिला पुढं बोलता आलं नाही. आधी एक आवाज निघाला, कोरडा, ढेकळं फुटल्यासारखा. मग तिनं जो हंबरडा फोडला, तो शाळेच्या छपरातून, भिंतींतून, मांगवाड्यातून पार गावठाणापर्यंत गेला असेल. केशरबाई बाकांमधून वाट काढत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. मग बायडाबाई पुढं आली. मग तिच्या मागून आणखी दोघी. बारा वर्षं चुलीच्या धुरात मुरवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

आवाज ऐकून वाटेनं जाणारी गावातली माणसं शाळेपुढं जमू लागली. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेला एक कुणबी उंबऱ्याबाहेर थांबून आत डोकावत होता. त्रिंबक मास्तर बारा वर्षांच्या सवयीनं धावत दाराकडं गेला आणि दार लोटून घेऊ लागला.

"उघडं ऱ्हाऊ दे," केशरबाईनं तिथूनच दरडावलं.

मास्तराचा हात दारावरच राहिला. दार उघडंच राहिलं.

"काय झालं बाई?" कुणब्यानं बाहेरून विचारलं. "कोन गेलं?"

केशरबाईनं छबुबाईच्या पाठीवरून हात फिरवत मान वर केली. तिचं तोंड रडून सुजलं होतं, आणि अजूनही रागानं तांबडं होतं.

"हिची लेक. आन माझा धोंडीराम."

"धोंडीराम? त्याला तर सहा महिने झाले की."

"झाले," केशरबाई म्हणाली. "रडायचं ऱ्हायलं व्हतं."